रोमचा पैसा, राळेगावची पऱ्हाटी

परदेशी मदतीचा विषय निघाला की गाजरगवत पुढे केले जाते. अमेरिकेच्या पीएल-४८० अन्नमदतीच्या गव्हाबरोबर ते आले, मदतीचे फळ हे असे! पण पुण्यात या गवताची नोंद १९५५ ची आणि पीएल-४८० चा भारताशी करार ऑगस्ट १९५६ चा. आधीच्या कुठल्या गव्हातून बी आले असेल, नसेल. या कराराच्या माथी ते मारता येत नाही. (गवत वैतागवाणे आहे, हा भाग वेगळा.) शिवाय यवतमाळमधल्या गहुलीच्या मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये दोन वर्षांत अन्नस्वावलंबनाची पैज घेतली, ती ज्या संकरित ज्वारीच्या भरवशावर, तिच्या संशोधनात रॉकफेलर फाउंडेशनचा हात होता. परका पैसा म्हणजे गुलामीच, हे कसे मानायचे?

दुसरा पक्ष म्हणतो, बाहेरचा निधी आला की जिल्हा सावरतो. आधी शब्द तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या रोममधील आयफाडने २००९ मध्ये यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या ‘केम’ प्रकल्पाला सुमारे ४ कोटी डॉलर मंजूर केले. ही मदत नव्हे, कर्ज. सवलतीचे, पण फेडायचेच. २०१८ चा ‘पोकरा’ हा शेती प्रकल्पही तसाच, जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावरचा. बचतगट उभे राहिले, शेततळी झाली, हे नाकारणे कोतेपणाचे. पण कास्तकाराचे वर्ष ठरते कापसाच्या भावावर, आणि तिथे हे प्रकल्प मुके.

आयफाडला पैसे देणाऱ्यांत अमेरिकाही आहे. तीच आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान देते, जगभर भाव दबतात आणि झळ यवतमाळमधल्या राळेगावच्या जिनिंगपर्यंत पोचते. ब्राझीलने प्रकल्प मागत न बसता जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, खटला जिंकला आणि २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर वसूल केले. आम्ही? ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटी शेतात उभी असताना, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले; मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत, ऐन वेचणीवर, लांबवली. गिरण्यांना स्वस्त रुई हवी, कबूल. पण ती स्वस्ताई कुणाच्या खिशातून?

म्हणून कर्ज जरूर घ्यावे, मात्र प्रकल्पाच्या अहवालात शेततळ्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा. २०२५-२६ साठी त्यात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये लिहावा आणि पुढे, खेडा खरेदीवाल्याने दारात काटा लावून प्रत्यक्ष मोजलेले पैसे.