जुन्या सायकलीची चेन

आपल्या बऱ्याच घरांत दादांच्या काळची एखादी काळी सायकल अजून भिंतीला टेकलेली असते. अ‍ॅटलस, हर्क्युलिस, हीरो, क्वचित आसनसोलची सेन-रॅले. सेलू, देवळीकडच्या घरांत ती पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार निघतो तो बहुधा शाळेत जाणाऱ्या लेकीसाठी. फ्रेम दणकट असते. अडते ते चेन, फ्रीव्हील आणि क्रँकपाशी. सगळे सुटे भाग एकाच कंपनीचे मिळत नाहीत, इकडचे तिकडे जोडावे लागतात.

जोडाजोडीला आमची हरकत नाही. साध्या सायकलींची चेन अर्धा इंच पिचची असते, फ्रीव्हीलचे आटेही बहुधा जुळतात, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला चालते. गिअरवाल्या सायकलीची चेन मात्र अरुंद असते, ती या जाड दातांवर बसत नाही. आणि रॅलेपासून सावध राहा. तिच्या जुन्या फ्रेमींत क्रँकच्या वाटीला इंचाला 26 आटे असत, इतरांना 24. दुसरी वाटी जोर लावून फिरवली की फ्रेमचेच आटे जातात.

खरी गफलत होते ती नवी चेन जुन्या, झिजलेल्या फ्रीव्हीलवर चढवली की. चेन ताणून लांब होत नाही, तिचे खिळे झिजतात. आपली काळी माती तेलात मिसळली की तिचे पॉलिशचे मलम होते, म्हणून चेनला तेल द्यावे आणि वरचे फडक्याने पुसून काढावे. झिजलेल्या चेनबरोबर फ्रीव्हीलचे दातही आकड्यासारखे वाकडे होतात. सपाटीवर काही कळत नाही. वर्ध्याच्या रेल्वे उड्डाणपुलाच्या चढावर मुलगी उभी राहून पायडल मारते, चेन दातावरून सटकते आणि ती पुढच्या दांड्यावर आपटते. मागून ट्रक येत असतो.

तपासायला दप्तरातली फूटपट्टी पुरे. चेन ताणून एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा. 12 इंचांवर बरोबर खिळ्याचा मध्य यायला हवा. तो अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर चेन बाद, आणि फ्रीव्हीलही बहुधा तिच्याबरोबरच बदलावे लागेल.

सायकल विकणाऱ्या मिस्त्रीबंधूंनाही हे लागू आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. चकचकीत नव्या चेनखाली झिजके फ्रीव्हील देणे आम्हाला त्याहून वेगळे वाटत नाही. गिऱ्हाइकाला सांगून द्यावे, पैसे कमी घ्यावेत.

लेकीसाठी चेनव्हील 48 ऐवजी 44 दातांचे मिळाले तर घ्या. 18 दातांच्या फ्रीव्हीलवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 6 मीटरऐवजी साडेपाच मीटर जाते, पण चढ हलका होतो. मागचे फ्रीव्हील आणि चेनव्हील एका सरळ रेषेत आहेत ना, हे मागून वाकून पाहावे. कॉटर बदलायची तर दोन्ही बदला आणि एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन्ही क्रँक एका ओळीत येत नाहीत. क्रँकखाली लोखंडाचा टेकू दिल्याशिवाय हातोडा मारू देऊ नका, आतल्या छर्‍यांच्या वाट्यांना खड्डे पडतात. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, ते काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचे.