रिचार्ज वहीत कोण लिहितो?

खताची गोणी पन्नास रुपयांनी महागली की पारावर चर्चा होते. पण घरातल्या मोबाईलवर वर्षाकाठी किती जातात ते विचारा, वहीत नोंदच नसते. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा! दोनशे रुपये धरले तरी चार फोनचे १०,४०० झाले. टीव्हीची डिश वेगळीच.

म्हाताऱ्या माणसाला फोन नुसता उचलायचा असतो, त्याला नेट कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला, तेव्हापासून फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक कंपन्यांना ठेवावाच लागतो. दुकानदार आपणहून सांगेल ही आशा नको, मागून घ्या.

हवामानाच्या अंदाजासाठी तर दमडी मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवामान खात्याचे ‘मेघदूत’ मराठीत आणि फुकट आहे. मंगळवारी व शुक्रवारी पीकसल्लाही मिळतो. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’. ॲप जमत नसेल त्याने १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरला विचारावे.

खरी गळती ऑटोपेची. पोराने ‘पहिला महिना फुकट’ म्हणून काही सुरू केले, की पुढे खात्यातून आपोआप पैसे कापले जातात. मोबाईलमधून ॲप काढले म्हणून कपात थांबत नाही. यूपीआयमधले ‘ऑटोपे’ उघडून तिथे ते रद्द करावे लागते.

ग्रामपंचायतींनीही दप्तर तपासावे. भारतनेटची जोडणी चालू असताना खासगी इंटरनेटचे बिल का निघते? जोडणी सारखी बंद पडत असेल, तर आधी तशी लेखी तक्रार करा, मग खासगी खुशाल ठेवा.