समुद्रावरील पांखरूं कोणाच्या हद्दींतलें?

आपल्या खानदेशास समुद्र नाहीं. तेव्हां भरसमुद्रांत दिसलेला पक्षी कोणत्या राज्याच्या यादींत मांडावा, या वादाशीं आपला संबंध काय, असें एखादा वाचक विचारील. संबंध आहे, व तो बराच निकटचा आहे.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय पक्षी घरटीं करितात. ते खडक महाराष्ट्राचे, म्हणून तेथवर तंटा नाहीं. परंतु तोच सुरय मासे टिपीत दूर दक्षिणेकडे गेला म्हणजे तो महाराष्ट्राचा कीं गोव्याचा? जमिनीवर दोन्ही राज्यांची शीव ठरलेली आहे. पाण्यांत कोणी दगड रोविलेला नाहीं. १९७६ च्या कायद्यानें भारताची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल व आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैल ठरविलें, पण राज्याराज्यांमधील रेघ त्यांत आंखलेली नाहीं. म्हणून अन्य देशांत पुष्कळ ठिकाणीं जो किनारा सर्वांत जवळ, त्याच्या यादींत पक्षी धरितात. हाच नियम मला रास्त वाटतो. नौका कोणत्या बंदरांतून निघाली, याला येथें किंमत नाहीं.

आतां नर्मदेकडे पाहूं. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस या तीरास महाराष्ट्र, पैलतीरास मध्यप्रदेश व पुढें गुजरात. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं नदीचें जुनें पात्र बुडालें. हद्द नकाशावर राहिली, डोळ्यांना दिसेनाशी झाली. जानेवारींतील पाणपक्ष्यांच्या गणनेंत दोन्ही तीरांवरील मंडळींनीं एकच थवा मोजला, तर एका थव्याचे दोन होतील! येथेंही जवळच्या तीराचा नियम आधींच ठरवावा.

मात्र हद्दी माणसांच्या, आणि माणसें त्या बदलतात. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १८८४ नंतर कोणास न गवसलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ पुन्हां दिसला, तेव्हां शहादें धुळे जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं तें नंदुरबारांत गेलें. पिंगळा जागचा हलला नाहीं!

तो सांपडला कसा, हें मुलांनीं ध्यानांत घ्यावें. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनीं १९१४ सालीं तापीकांठच्या मांडवी येथें तो मिळविल्याचें लिहिलें होतें. पुढें तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला व ती चिठ्ठी खोटी ठरली. शोधकांनीं मांडवी बाजूस सारली आणि डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें पूर्वीं खरी नोंद केलेल्या शहाद्या-तळोद्याच्या रानांकडे ते वळले.

म्हणून माझें मत असें कीं, वहींत गांव, तीर, तारीख व वेळ आधीं लिहावी, जिल्हा मागाहून. शहाद्याची ती नोंद आज नंदुरबारच्या यादींत घालावी, पण ‘त्या वेळीं धुळे जिल्हा’ हा शेरा पुसूं नये.