विस्मृतीतील एक हसरा चित्रपट

जैन कर्मसिद्धान्तात हास्याची गणना नऊ नोकषायांत होते. शोक आणि भय हेही त्याच पंक्तीत बसतात. त्यामुळे हसण्याविषयी श्रावकांच्या घरांत थोडी सावधगिरी असते आणि ती योग्यच आहे. परंतु शोक व भय यांची परिसीमा अनुभवलेल्या माणसांनी १९४९ साली निर्माण केलेला एक संगीतमय विनोदी चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचे नाव ‘एक थी लडकी’.

दिग्दर्शक रूप के. शोरी लाहोरचे. वडिलांपासून चालत आलेला चित्रव्यवसाय तेथे स्थिरावला होता. १९४७च्या दंगलींत त्यांचा स्टुडिओ जळाला आणि मुंबईत सर्व काही नव्याने उभारावे लागले. कथालेखक आय. एस. जोहर (पडद्यावरही ते याच चित्रपटातून प्रथम आले) फाळणीमुळे लाहोरला मुकलेले. संगीतकार विनोद, म्हणजेच एरिक रॉबर्ट्स, हेही त्याच शहराचे. या मंडळींनी रडकथा सांगितली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी सांगितली ती भामट्यांच्या तावडीतून निसटून कचेरीत नोकरी धरणाऱ्या मुलीची धमाल गोष्ट!

त्या काळी नायिकेने अश्रू ढाळावेत आणि हसवण्याचे काम दुय्यम नटाने करावे, असा जणू दंडक होता. मीना शोरी यांनी तो मोडला. येथे हशा नायिकाच पिकवते. मोतीलाल यांचा सहज, ऐटबाज वावर तिच्या खट्याळपणाला शोभून दिसतो. उत्तरार्धात कथानक सैलावते, हे मान्य करावे लागेल. पण कोणाच्या व्यंगावर वा दारिद्र्यावर हसण्याची वेळ प्रेक्षकावर येत नाही, ही गोष्ट कुटुंबासह पाहणाऱ्यांस मोलाची वाटेल.

‘लारालप्पा’ हे गीत मात्र चित्रपटाहून दीर्घायुषी ठरले. लता मंगेशकर, महंमद रफी आणि जी. एम. दुर्राणी यांच्या स्वरांतील त्या गाण्याला पंजाबी ठेका आहे. ‘लारे-लप्पे’ म्हणजे पंजाबीत पोकळ आश्वासने. घरदार गमावून आलेल्या निर्वासितांना ती ठाऊक होतीच. येथे त्यांनी त्याच शब्दांवर ताल धरला.

मीना शोरी १९५६ साली एका चित्रपटासाठी पाकिस्तानात गेल्या आणि तेथेच राहिल्या. रूप शोरी भारतात परतले. विनोद १९५९ साली, चाळिशीही न गाठता, निवर्तले. त्यांच्या त्या गाण्यावर आजही लग्नघरांत ढोलक वाजते. वाजवणाऱ्यांना संगीतकाराचे नाव बहुधा ठाऊक नसते.