संगणकाचा वेग आणि व्होल्टेजचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षणासाठी बाहेर असलेली मुले घरी येतात, तेव्हा पेढीवरील संगणक हळू चालतो ही तक्रार हमखास ऐकू येते. प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने पळविणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, हा त्यांचा आवडता उपाय. परभणी व मानवत रोड यांच्या दरम्यान वसलेल्या पेडगावसारख्या गावी त्यास संमती देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी व्होल्टेजची बाजू समजून घ्यावी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. भिंतीतील २३० व्होल्टचा दाब खाली-वर होतो म्हणून आपण स्टॅबिलायझर बसवितो. त्याचा येथे संबंध नाही. संगणकातील एसएमपीएस त्या विजेचे १२ व्होल्ट करतो आणि मदरबोर्ड ते आणखी उतरवून प्रोसेसरला जेमतेम १ ते १.४ व्होल्ट देतो. हात लागतो तो या शेवटच्या आकड्याला.

गती वाढविली की प्रोसेसर अडखळतो आणि त्याला सावरण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते. खरा खर्च येथेच आहे. वीज व उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चे १.३५ व्होल्ट केले आणि गती दहा टक्के वाढविली, तर १०० वॅटच्या जागी सुमारे १३९ वॅट लागतात. दहा टक्के नफ्यासाठी एकोणचाळीस टक्के खर्च कोणता व्यापारी मान्य करील? शिवाय खोली जितकी तापते, जवळजवळ तितकाच प्रोसेसरही तापतो. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यातील ४० अंशांत ९० वर जातो. पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू व धूळ असेल, तर त्याहूनही वर. शंभरीच्या आसपास तो स्वतःच गती कमी करतो, म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ.

कोणी काही न करताही हे संकट येऊ शकते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजने कायमचे दुबळे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड बदलून १.५५ व्होल्टहून अधिकची मागणी रोखली आणि डबाबंद विकल्या गेलेल्या बाधित प्रोसेसरांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. झालेली इजा मात्र या बदलाने भरून येत नाही. म्हणून बायोसमधील ‘ऑटो’ या शब्दावर विसंबू नये, असे आमचे मत आहे.

इंटेलमध्ये ही मुभा मुख्यतः नावाअखेर ‘के’ असलेल्या प्रोसेसरला आणि ‘झेड’ मालिकेच्या मदरबोर्डवरच मिळते. पेढीवरील बहुतेक संगणकांबाबत प्रश्न तेथेच मिटतो. मुलाचा स्वतंत्र संगणक असेल, तर त्याने आधीचे सर्व आकडे वहीत लिहून ठेवावेत, गती एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवावी, तासभर पूर्ण भार देऊन पाहावे आणि संगणक अडखळला तरच ०.०१ व्होल्टची भर घालावी. भार पडताच व्होल्टेज थोडे खाली येते, हे स्वाभाविक आहे. ते सावरणाऱ्या ‘लोड-लाइन’ची सर्वांत तीव्र पायरी निवडू नये, भार उतरताच व्होल्टेज क्षणभर उसळते. खरे तर आपल्या उन्हाळ्यात उलटा मार्ग अधिक शहाणपणाचा: गती तीच ठेवून व्होल्टेज हळूहळू ०.०५ पर्यंत कमी करून पाहावे. पुष्कळ प्रोसेसर ते सहज सोसतात आणि थंड राहतात.

हिशेबाच्या संगणकावर यांपैकी काहीही करू नये. अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंद पडून सूचना देतोच असे नाही. कधी तो मुकाट्याने चुकीचा आकडा लिहितो आणि जीएसटीचे विवरण भरताना फाइल उघडतच नाही. बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावा. बायोस अद्ययावत करताना यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. त्या काही मिनिटांत वीज गेली, तर मदरबोर्ड बहुधा पुन्हा सुरू होत नाही.