आधी फोन करा, मग माणूस पाठवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वृद्ध रुग्णांना कॅज्युअल्टीतून परस्पर पुढे पाठवण्याबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज. ते आपल्या दप्तरी असतीलच, म्हणून मजकूर पुन्हा लिहीत नाही.

महोदय,

म्हाताऱ्यांची सरकारला किती काळजी आहे, हे आम्हाला तोंडपाठ आहे. पंचाहत्तरी पूर्ण झाली की एसटी फुकट. तीर्थदर्शनाला माणशी ३०,००० रुपयांपर्यंत. वयोश्री योजनेतून काठी-चष्म्याला ३,००० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पाच लाखांच्या उपचारांचे वय वंदना कार्ड. आभारी आहोत. आता एवढेच सांगा, रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडलेल्या ऐंशीच्या बाईला बदलापुरातून कुठे न्यायचे?

कार्ड दाखवा म्हणाल. ते दाखल झालेल्या रुग्णाला चालते. आमचे भांडण दाखल होण्याच्या आधीचे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका आजींना आपल्याच एका रुग्णालयात नेले होते. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर त्या रात्रीच्या डॉक्टरला नोटीस निघेल, फाईल बंद होईल आणि बाकी सगळे जिथल्या तिथे राहील. फाळणीनंतर लहानपणी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात आलेल्या या आजी. बोली सिंधी. गडबडीत कवळी घरी राहिली, कानाचे यंत्रही. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने भराभर प्रश्न विचारले, त्यांना एकही नीट ऐकू आला नाही. केसपेपरवर नोंद झाली : रुग्ण गोंधळलेली. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळले होते. खुब्याचे हाड मोडल्याची ही खूण, शिकाऊ डॉक्टरलाही कळावी. स्ट्रेचरला कठडा नव्हता. आजी पडू नयेत म्हणून सुनेने आपल्या ओढणीने त्यांचे मनगट दांडीला बांधले आणि ती तशीच शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने केसपेपरवर शेवटची ओळ आली, 'हायर सेंटरला रेफर'. कोणते सेंटर, तिथे कोणाशी बोलणे झाले, खाट आहे का, दुखण्याचे इंजेक्शन दिले का आणि किती वाजता, सगळे कोरे. पुढच्या दारात ऐकायला मिळाले, "इथे कशाला आणलं? आणखी पुढे न्या." शेवटी घरच्यांनी कर्ज काढून खासगी रुग्णालय गाठले. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यातला पहिला मोठा तुकडा आमच्याकडे रस्त्यावरच खर्ची पडतो.

पुढे म्हणजे बहुतेक वेळा कळवा, तिथे नाही तर सायन. रेल्वेने मोजले तरी बदलापूरहून कळवा तीस किलोमीटरच्या वर, सायन पन्नासच्या वर. रस्त्याने गेलात तर मध्ये शिळफाटा आहे. तिथली वाहतूक कोंडी मंत्र्यांच्या गाड्यांनाही ओळखते, असे ऐकून आहोत.

आणि कळव्याचे नाव निघालेच आहे, तर १२-१३ ऑगस्ट २०२३ आठवा. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यातले १२ जण पन्नाशी ओलांडलेले होते. चार कल्याणचे, तीन शहापूरचे, एक आमच्या उल्हासनगरचा. ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल तेव्हा ९०० खाटांच्या नव्या इमारतीसाठी पाडायला घेतलेले, त्याचा भार ५०० खाटांच्या कळव्यावर आलेला. काही रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले, असे तेव्हा प्रशासनानेच सांगितले. शेवटच्या अवस्थेत ते आले कसे? कुणीतरी कुठून तरी पुढे पाठवले म्हणूनच ना? समिती नेमली गेली. दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टपासून, आपल्या खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळे मोफत झाले, त्याच्या बातम्याही झळकल्या. त्या १८ जणांमुळे आमच्याकडच्या कॅज्युअल्टीत म्हाताऱ्यांसाठी काय बदलले, ते मात्र आम्हाला आजवर दिसलेले नाही.

कळवा ठाणे महापालिकेचे, सायन मुंबई महापालिकेचे, हे आपण म्हणण्याआधी आम्हीच म्हणतो. मग राज्य सरकारच्या रुग्णालयांचे 'हायर सेंटर' दुसऱ्याच्या घरात का, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

थोडा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ अडीच लाखांच्या वर, बदलापूर पावणेदोन लाख. राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते. त्याच प्रमाणाने आमच्या तीन शहरांत तेव्हाच नव्वद हजारांहून अधिक म्हातारी माणसे होती. बदलापुरात त्यानंतर उठलेले टॉवर यात नाहीत, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे खरा आकडा सरकारलाही मोजावा लागलेला नाही. सोयीचेच झाले. एवढ्या लोकांना, शिवाय मुरबाड-कर्जतकडून येणाऱ्यांना, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातल्या दोनशेच्या आसपास खाटा.

कायदा नाही, असेही नाही. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा केंद्रीय कायदा घ्या. कलम २० म्हणते : सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्य तोवर खाट, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय, तीही वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली. यातल्या 'शक्य तोवर' या दोन शब्दांवर आपले खाते इतकी वर्षे निवांत बसले आहे.

त्याहून जुने सांगतो. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. सरकारी रुग्णालये एकामागून एक त्याला परत पाठवत राहिली, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगीत १७,००० रुपये गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, त्याला २५,००० रुपये भरपाई दिली आणि सांगितले की कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळेल अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, म्हणजे रुग्ण थेट तिथेच जाईल. इतर राज्यांनीही तसे करावे, असेही म्हटले. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. आज कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाच्या हातात आहे, आणि एक फोन होत नाही.

खाटेवाचून काय होते, याचा फ्रान्समधला आकडा घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या ९७ आपत्कालीन विभागांत पंचाहत्तरीपुढच्या १,५९८ रुग्णांची पाहणी झाली. दाखल करायचे ठरूनही रात्र स्ट्रेचरवर काढावी लागलेल्यांपैकी १५.७ टक्के रुग्णालयातच मरण पावले. मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात गेलेल्यांत ११.१ टक्के. ही फ्रान्सची स्ट्रेचर, त्यांना कठडे असतात.

डॉक्टरांवर आमचा राग नाही. रात्री कॅज्युअल्टीचा एकटा डॉक्टर अपघात, पोलीस केस, साप चावलेला, बाळंतीण सगळे बघतो, आणि म्हातारे माणूस तक्रार कमी करते म्हणून रांगेत मागे पडते. छातीत कळ न येता नुसती धाप आणि घाम, तरी तो हार्ट अटॅक असू शकतो, हे बघायला वेळ आणि शिकलेली नजर लागते. अंबरनाथच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन झाले. त्याचा पहिला उपयोग आमच्या रात्रीच्या कॅज्युअल्टीला व्हावा, एवढीही अपेक्षा करू नये का?

मागणी मोठी नाही. साठीपुढच्या रुग्णाला पुढे पाठवायचेच असेल, तर आधी तिथे फोन करून खाट नक्की करा, आणि केसपेपरवर त्या रुग्णालयाचे नाव, बोललेल्या डॉक्टरचे नाव, वेळ आणि दिलेले औषध लिहा. ही चार खाने छापलेली नोंद बंधनकारक करणारे परिपत्रक काढायला निधी लागत नाही. कठडे असलेल्या स्ट्रेचरला थोडा लागेल, तो द्या. आणि तिन्ही शहरांच्या सरकारी कॅज्युअल्टीतून दर महिन्याला किती ज्येष्ठ पुढे पाठवले, त्यातले किती वाटेत किंवा पोचल्यावर गेले, हा आकडा रुग्णालयाच्या दारावर लावा.

पहिल्या महिन्याचा आकडा लागला की आम्ही स्वतःहून आभाराचे पत्र लिहू. तोवर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' असे उत्तर कृपया पाठवू नये. त्याच्या प्रती आमच्याकडे आहेत.

आपले,
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील काही ज्येष्ठ नागरिक