धूळवाफेच्या आधी वाचनालयाला दोन तास द्या

कोडोलीकर बंधू-भगिनींनो,

हे पत्र वाचनालयाच्या कार्यकारिणीचं नाही. एका सभासदाचं आहे, आणि ते घाईनं लिहिलंय, कारण दिवस थोडे आहेत.

जोतिबाची चैत्र यात्रा होते, परीक्षा उरकतात आणि पोरं मोकळी सुटतात. कारखान्याचं गाळप तोवर संपलेलं असतं, तोडकरी टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या असतात. मेच्या अखेरीला भाताची धूळवाफ पेरणी सुरू झाली, की मग कोणाला हाक मारून उपयोग नाही. म्हणजे लहानांना आणि मोठ्यांना एकदमच सवड मिळते, ती वर्षातून या पाच-सहा आठवड्यांतच. ही सवड यंदाही मोबाइलच्या पडद्यावर जाणार असेल, तर निदान आपण ती अडवायचा प्रयत्न केला होता, एवढं तरी म्हणता यावं.

मागणी साधी आहे. चैत्र-वैशाखात गावच्या सार्वजनिक वाचनालयात रोज सकाळी मुलांसाठी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्यांसाठी काहीतरी चालू राहिलं पाहिजे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. माणसं लागतात.

आधी मुलांचं. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ मुद्दाम सुचवतोय. ऊन चढलेलं नसतं, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना शांत जागा लागते. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असताना त्यांनी बसायचं कुठं? बालवाचकांच्या गोंगाटापायी त्यांना उठवणं मला मान्य नाही. आणि त्यांच्या शांततेसाठी तिसरीतल्या पोराला दारातूनच हुसकावणं, तेही नाही. दोन तास पोरांचे, बाकीचा दिवस अभ्यासाचा, असं वाटून घेतलं तर दोघांचंही भागेल.

त्या दोन तासांत ‘संस्कार वर्ग’ नको, भाषण नको, बक्षिसांची उतरंड तर नकोच. कपाटं उघडी ठेवा. पोरांना पुस्तकं हाताळू द्या, चुकीच्या जागी ठेवू द्या. एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पोरांना जागेवर बसवतो. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. ज्यांच्या माळ्यावर जुने अंक पडले असतील, त्यांनी ते झाडून आणावेत. मात्र देणगीच्या नावाखाली गेल्या वर्षीची गाइडं आणि लग्नात आलेली न फोडलेली पुस्तकं आणून टाकू नका. वाचनालय म्हणजे रद्दीचं दुकान नव्हे.

मळ्यातल्या वस्तीवरच्या मुलांना रोज गावात येणं जमणार नाही. त्यावरचा तोडगा शंभर वर्षांहून जुना आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि पुढं पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. आपल्याकडं तर प्रत्येक वस्तीवरून सकाळ-संध्याकाळ दूध घालायला कोणी ना कोणी डेअरीवर येतंच. त्याच्या गाडीवर परतताना वीस पुस्तकांची पेटी जायला काय हरकत आहे?

आता मोठ्यांचं. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना माझी खास विनंती आहे. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं गावात अजून आहेत. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली आहेत. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून वारणेचा साखर कारखाना उभा केला, त्याआधीचा हा माळ कसा होता हे सांगणारेही असतील, पण फार थोडे. त्या दोन संध्याकाळी त्यांनी बोलावं आणि सातवी-आठवीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावं, अगदी त्यांच्याच बोलीत. याला उशीर परवडणारा नाही. मुलांना हे जमेल का, अशी शंका नको. याच परिसरात मुलांच्या वाद्यवृंदाला वेळ, गुरू आणि वाद्यं मिळाली म्हणून वारणेचं नाव दूरवर गेलं. मुलांवर वेळ घालवायची सवय आपल्याला नवी नाही.

बायका वाचनालयात येत नाहीत, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. चैत्रात घरोघरी चटणीच्या मिरच्या निवडायच्या, कुरडया-सांडगे घालायचे, त्यांनी यायचं कधी? तेव्हा वाचनालयानंच अंगणात जावं. चार-पाच जणी मिरच्यांची देठं मोडत बसल्या असतील तिथं एकीनं शंकर पाटलांची एखादी कथा वाचावी. (त्यांचं कोडोली म्हणजे हातकणंगले तालुक्यातलं पट्टणकोडोली, आपलं नव्हे, पण माणसं तीच आणि बोलीही तीच.) हसू आवरेनासं झालं की पुढची कथा त्याच मागतील.

कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1945 साली केला, महाराष्ट्राचा त्यानंतर बावीस वर्षांनी आला. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासून उभं आहे. अशा जिल्ह्यात वाचनालय म्हणजे सकाळचे पेपर चाळायची जागा, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का?

या सगळ्यासाठी वेळ देणाऱ्यांची नावं पाडव्यापर्यंत हवीत. शिक्षकांनी, निवृत्तांनी, सुटीला घरी येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी आठवड्यातले दोनच तास द्यावेत. पण दिलेली वेळ चुकवू नये. ज्यांना शिलाई-बांधणी येते त्यांनी खळ आणि दाभण घेऊन यावं, फाटकी पुस्तकं बरीच निघतील. कोणी माठ भरायचं अंगावर घ्यावं, कोणी बंद पंखा दुरुस्त करून द्यावा. आई-वडिलांनी पोराला पहिल्या दिवशी दारात सोडून न जाता अर्धा तास आत बसावं आणि स्वतःसाठीही एक पुस्तक काढावं. वाचनालयात जाऊन ग्रंथपालांकडं नाव, वार आणि वेळ सांगा. पुढच्या आठवड्यात नको, आज संध्याकाळी दूध घालून परतताना सांगा.